दुसऱ्या जागेवरचा ‘एच’ : पाच अक्षरी इंग्रजी शब्दांचा एक अभ्यास



इंग्रजी शब्द पाठ करायला बसलेला विद्यार्थी बहुधा ‘ए’पासून सुरुवात करतो. पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने ‘सी’पर्यंत मजल जाते आणि ‘डी’च्या आसपास वही बंद होते. शब्दकोश हा शब्द शोधण्यासाठी केलेला असतो, पाठ करण्यासाठी नव्हे. म्हणून आज एक वेगळी वाट सांगतो. इंग्रजीतले फक्त पाच अक्षरांचे शब्द घ्यायचे आणि त्यांतही ज्यांचे दुसरे अक्षर ‘एच’ आहे तेवढेच निवडायचे. एवढीशी तुकडी नीट तपासली तरी स्पेलिंग, उच्चार, अर्थ आणि शब्दाचे मूळ घर या चार गोष्टी एकमेकींना कशा धरून असतात ते दिसते.

सुरुवातीलाच दोन सूचना. पहिली, ‘पाच अक्षरी’ म्हणताना इंग्रजी लिपीतली अक्षरे मोजायची आहेत. ‘खाकी’ हा शब्द आपल्या मोजणीने दोन अक्षरांचा आहे, इंग्रजीत मात्र पाचांचा. दुसरी, या पानावर स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी दिले आहे. प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः रोमन लिपीत वहीत उतरवायचा आहे. तो या पाठाचाच भाग आहे, तेव्हा पेन्सिल हातात घेऊनच पुढे वाचा.

खाकी की काकी?

आपल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वाराणसीला, माझ्या मूळ घरी परतलो. येथील दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला छावणी आहे आणि तेथे 39 गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. छावणी भागातली काही मुले संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात. त्यांत एक मुलगा सातारा जिल्ह्यातला. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, गणितात तरबेज, पण इंग्रजीचा तास आला की मान खाली. एनडीएला जायचे हे त्याने मनाशी पक्के केले होते आणि इंग्रजी आपल्याला कधी येणार नाही हेही तितकेच पक्के केले होते.

एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला 300 गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला 600 गुण असतात. त्या 600 पैकी 200 गुण इंग्रजीचे. म्हणजे त्याची ही भीती 200 गुणांची होती.

एकदा त्याने निबंधात वडिलांच्या गणवेशाचे वर्णन केले आणि रंगाचे स्पेलिंग लिहिले के-ए-के-आय. मी ते मोठ्याने वाचले, “वडील काकी रंगाचा गणवेश घालतात.” मराठी समजणारी दोन-तीन मुले हसली, तोही हसला. मग त्याने विचारले, “सर, इंग्रज लोक तर ‘काकी’च म्हणतात. मग मध्ये ‘एच’ कशाला?”

प्रश्न अगदी बरोबर होता. इंग्रज माणसाच्या तोंडी या शब्दात ‘ख’ नसतोच. गंमत म्हणजे के-ए-के-आय असाही एक शब्द इंग्रजी कोशात आहे. ते एका जपानी फळाचे नाव आहे. तेव्हा एक ‘एच’ गळला की गणवेशाचे फळ होते आणि मराठी कानाला नात्यातली बाई दिसते. त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही ‘एच’ला धरले.

‘एच’ कुठून आला?

आपल्या वर्णमालेत ख-घ, छ-झ, ठ-ढ, थ-ध, फ-भ हे दहा महाप्राण आहेत. उच्चारताना तोंडातून हवेचा जोराचा झोत बाहेर पडतो म्हणून ते महाप्राण. या झोतावर आपल्याकडे अर्थ बदलतो. दार आणि धार, गडी आणि घडी, बात आणि भात हे शब्द आपण कधी गोंधळत नाही.

इंग्रजीतही असा झोत आहे, पण तिथे त्याला स्वतंत्र अक्षर नाही. इंग्रजी बातम्या देणारा इंग्रज निवेदक ‘पिन’ म्हणतो तेव्हा कान देऊन ऐका. ‘प’च्या मागे हवा ऐकू येते. तोच ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा ती नसते. त्याच्या लेखी दोन्हीकडे एकच ‘पी’ आहे. त्यामुळे भारतात आलेल्या इंग्रजांना आपला ख, ध, भ कागदावर उतरवायचा झाला तेव्हा अक्षरच सापडेना. मग त्यांनी जवळच्या अक्षराला ‘एच’ची जोड दिली. ख म्हणजे के-एच, घ म्हणजे जी-एच, ध म्हणजे डी-एच, भ म्हणजे बी-एच.

आता या धड्याचे मुख्य सूत्र लिहून घ्या. रोमन लिपीला एखाद्या ध्वनीसाठी अक्षर कमी पडते तेव्हा ‘एच’ मदतीला धावतो. तो कोणाच्या मदतीला धावला हे पाहिले की शब्द कोणत्या घरचा ते बहुधा कळते. या सूत्रावर आपल्या शब्दांची चार गटांत विभागणी करू.

गट पहिला : आपल्या घरचे शब्द

जोड : के-एच, जी-एच, डी-एच, बी-एच, जे-एच.

खाकी (के-एच-ए-के-आय) : मातकट रंग, त्या रंगाचे कापड. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण ‘जळून खाक झाले’ म्हणतो तोच हा शब्द. 1846 मध्ये हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ हे पथक उभारले. धुळीच्या प्रदेशात लाल डगला दुरून दिसतो, म्हणून त्या पथकाने मातकट रंगाचे कपडे घेतले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापर्यंत (1899–1902) हा रंग ब्रिटिश सैन्यात सर्वत्र पोहोचला होता.

घाट्स (जी-एच-ए-टी-एस) : घाट या शब्दाचे अनेकवचन. इंग्रजी कोशात याचे दोन अर्थ आढळतात : नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाट किंवा डोंगररांग. वाराणसीतला मुलगा पहिला अर्थ सांगतो, साताऱ्याचा मुलगा खंबाटकी घाट आठवून दुसरा सांगतो. दोघेही बरोबर. सह्याद्रीला इंग्रजीत ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणतात ते याच शब्दावरून.

धोबी (डी-एच-ओ-बी-आय) : कपडे धुणारा. ब्रिटिश नौदलातले खलाशी कपडे धुण्यालाच ‘धोबी’ म्हणू लागले.

धोती (डी-एच-ओ-टी-आय) : धोतर.

भाजी (बी-एच-ए-जे-आय) : ब्रिटनमध्ये याचा अर्थ तळलेली भजी. कांद्याची भजी तिथल्या भारतीय उपाहारगृहांत सर्रास मिळतात.

झील (जे-एच-ई-ई-एल) : तळे, पाणथळ जागा. हिंदीतून गेलेला शब्द.

इंग्रजांना हे स्पेलिंग सुरुवातीपासून जमले नव्हते. जुन्या कागदपत्रांत घाटाच्या मध्ये ‘यू’ घुसवून जी-एच-ए-यू-टी असे लिहिलेले आढळते. मथुरेचे त्यांनी ‘मट्रा’ केले होते आणि कानपूरचे ‘कॉनपोर’. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीला सरकारने मान्यता दिली आणि महाप्राणासाठी ‘एच’ हा नियम स्थिर झाला. आज रेल्वे स्थानकांवरच्या पाट्या साधारण त्याच वळणाच्या आहेत. वाराणसीत आलात तर नावेतून घाटांवरच्या पाट्या वाचत जा. नागपूरकर भोसल्यांच्या घाटाच्या नावात ‘बी’च्या मागे ‘एच’ सापडेल, दशाश्वमेध घाटाच्या नावात ‘डी’च्या मागे. याच काशीत जन्मलेल्या मणिकर्णिका तांबे पुढे ज्या संस्थानाच्या राणी झाल्या, त्या झांशीच्या स्पेलिंगमध्येही दुसरे अक्षर ‘एच’च आहे. फक्त तो शब्द सहा अक्षरांचा, म्हणून आजच्या यादीबाहेर.

गट दुसरा : ग्रीक घरचे शब्द

जोड : पी-एच (उच्चार फ), आर-एच (उच्चार र), सी-एच (उच्चार क).

येथे एक मजेची गोष्ट आहे. प्राचीन ग्रीक भाषेतही आपल्या फ, थ, ख यांसारखे महाप्राण होते आणि त्यांना स्वतंत्र अक्षरे होती. रोमन लोकांच्या लॅटिन लिपीत ती नव्हती. ग्रीक शब्द लिहिताना त्यांनी काय केले? पी, टी आणि सी यांच्या मागे ‘एच’ लावला. म्हणजे इंग्रजांनी आपल्या शब्दांसाठी जी युक्ती केली, ती रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच केलेली होती. पुढे उच्चार बदलले, स्पेलिंग मात्र तसेच राहिले.

फेज (पी-एच-ए-एस-ई) : टप्पा, अवस्था; चंद्राची कला.

फोन (पी-एच-ओ-एन-ई) : टेलिफोनचे लघुरूप. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ आवाज.

ऱ्हायनो (आर-एच-आय-एन-ओ) : गेंडा. मोठ्या नावाचे लघुरूप. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नाक.

केऑस (सी-एच-ए-ओ-एस) : गोंधळ, अनागोंदी.

कॅझम (सी-एच-ए-एस-एम) : जमिनीतली खोल भेग, दरी. दोन पक्षांतली दरी अशा अर्थानेही वापरतात.

कॉर्ड (सी-एच-ओ-आर-डी) : भूमितीत वर्तुळाची जीवा. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ तात, म्हणजे वाद्याची तार. आपल्या ‘जीवा’ शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी. दोन दूरच्या देशांतल्या गणितज्ञांना त्या रेषाखंडात ताणलेली दोरीच दिसली.

या गटासाठी नियम असा : विज्ञान, गणित, वैद्यक यांतला शब्द असेल आणि ‘सी-एच’चा उच्चार ‘क’ होत असेल तर तो ग्रीक असण्याची शक्यता मोठी.

गट तिसरा : इंग्रजीच्या स्वतःच्या घरचे शब्द

जोड : टी-एच, एस-एच, डब्ल्यू-एच आणि काही ठिकाणी सी-एच (उच्चार च).

जुन्या इंग्रजीत ‘थ’सारख्या ध्वनीसाठी एक स्वतंत्र अक्षर होते. त्याचे नाव थॉर्न. कालांतराने ते मागे पडले. युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते अक्षर नव्हते, त्यामुळे त्याचे पुनरागमन झालेच नाही. त्याच्या जागी टी-एच आले. अक्षर गेले, नाव उरले आणि ते नावही आपल्या यादीतलेच निघाले.

थॉर्न (टी-एच-ओ-आर-एन) : काटा.

थीफ (टी-एच-आय-ई-एफ) : चोर.

शाफ्ट (एस-एच-ए-एफ-टी) : भाल्याचा किंवा बाणाचा दांडा, यंत्रातला फिरता दांडा, खाणीत उतरणारी उभी विहीर.

शोल (एस-एच-ओ-ए-एल) : उथळ पाण्याखालचा वाळूचा उंचवटा. नौदलात जाणाऱ्यांनी हा शब्द अवश्य लक्षात ठेवावा. उन्हाळ्यात गंगेचे पाणी उतरले की वाळूचे असे उंचवटे वर येतात आणि नावाड्यांना वळसा घालून जावे लागते.

व्हील (डब्ल्यू-एच-ई-ई-एल) : चाक. जुन्या इंग्रजीत या जोडात ‘एच’ आधी आणि ‘डब्ल्यू’चा ध्वनी नंतर असे. पुढे क्रम उलटला.

होल (डब्ल्यू-एच-ओ-एल-ई) : संपूर्ण. यातला ‘डब्ल्यू’ मुळात नव्हताच, तो काही शतकांनंतर लिहिण्यात आला. म्हणून तो उच्चारात नाही.

गट चौथा : फ्रेंच पाहुणे

यात फक्त दोन शब्द देतो, पण दोन्ही सैन्यातले.

चीफ (सी-एच-आय-ई-एफ) : प्रमुख. फ्रेंच मूळ शब्दाचा अर्थ डोके.

शूट (सी-एच-यू-टी-ई) : उतरती नळी किंवा घसरण, पॅराशूटचे लघुरूप. फ्रेंच मूळ शब्दाचा अर्थ पडणे. बंदुकीने गोळी झाडण्याचा ‘शूट’ निराळा. त्याचे स्पेलिंग एस-एच-ओ-ओ-टी.

दोन्हींत सी-एच, मग एकात ‘च’ आणि दुसऱ्यात ‘श’ का? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळात फ्रेंच शब्द मोठ्या संख्येने इंग्रजीत आले. त्या वेळी फ्रेंच लोक सी-एच ‘च’ असा उच्चारत, म्हणून चीफ. पुढे फ्रान्समध्येच तो उच्चार ‘श’ झाला. नंतर आलेला शूट हा नवा उच्चार घेऊन आला. स्वयंपाकघराचा मुख्य तो ‘शेफ’, तोही मुळात ‘चीफ’च आहे. एकच शब्द दोन वेळा भरती झाला आणि दोन वेगळ्या हुद्द्यांवर लागला.

फसवे शब्द

नियम कळला की अपवादही पाहून ठेवावेत.

ठग्ज (टी-एच-यू-जी-एस) : गुंड. स्पेलिंगवरून हा तिसऱ्या गटातला वाटतो, पण आहे आपला ‘ठग’. ठ आणि थ दोन्हींसाठी टी-एच लिहिल्याने इंग्रजांनी तो आपल्या ‘थॉर्न’सारखा वाचला आणि उच्चार बदलला.

थाली (टी-एच-ए-एल-आय) : थाळी, एका ताटात वाढलेले पूर्ण जेवण. हाही आपलाच.

घूल (जी-एच-ओ-यू-एल) : कबरी उकरणारे पिशाच्च. हा अरबी शब्द. अरबीतल्या एका घशातल्या ध्वनीसाठी येथे जी-एच आले.

घोस्ट (जी-एच-ओ-एस-टी) : भूत. उच्चार ‘गोस्ट’. हा अस्सल इंग्रजी शब्द, जुन्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ नव्हता. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला, त्याआधी ते शेजारच्या फ्लेमिश भाषेच्या प्रदेशात छपाई करत होते. तिकडच्या वळणाचा ‘एच’ या शब्दात शिरला आणि राहिला. भुतासारखाच, असूनही ऐकू न येणारा.

अक्षराच्या जागेवरून अर्थाकडे

शब्दात कोणते अक्षर कोठे बसले आहे हे पाहून अर्थापर्यंत जाता येते, याचे मोठे उदाहरण वाराणसीशीच जोडलेले आहे. जेम्स प्रिन्सेप हे 1820 ते 1830 या काळात येथील टांकसाळीत धातूची शुद्धता तपासणारे अधिकारी होते. पुढे कलकत्त्याला गेल्यावर त्यांनी ब्राह्मी लिपीचे कोडे हाती घेतले. सांची येथील स्तूपावर अनेक छोटे लेख होते. ते वेगवेगळे होते, पण बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. प्रिन्सेप यांनी तर्क केला की इतक्या लोकांनी देवस्थानात कोरून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे दानाची नोंद. तेव्हा शेवटचा शब्द ‘दानं’ असावा. तर्क बरोबर निघाला. ‘द’ आणि ‘न’ हाती आले आणि 1837 मध्ये लिपी उलगडली. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांतले दानलेख आज वाचता येतात ते यामुळेच.

प्रिन्सेप यांनी तीन गोष्टी केल्या : सारखे दिसणारे लेख एकत्र ठेवले, कोणते अक्षर कोणत्या जागी येते ते पाहिले आणि मग अर्थाचा तर्क करून तो इतर लेखांवर तपासला. शब्द शिकताना तुम्हीही हेच करा.

वहीच्या पानावर चार रकाने आखा : स्पेलिंग, उच्चार, अर्थ, घर. एका पानावर एकच जोड, म्हणजे के-एच चे पान वेगळे आणि पी-एच चे वेगळे. नवा शब्द वाचनात आला की त्याच्या पानावर जाऊन बसेल. घराविषयी आधी स्वतः तर्क करा आणि नंतर चांगल्या कोशात तपासा. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, कारण शब्दांच्या जन्माविषयी रंगतदार पण खोट्या कथा पुष्कळ फिरतात. दिवसाला पाच शब्द पुरेत.

मग जोडीदाराला ते शब्द बिनतारी संदेशासारखे सांगा. लष्करी संदेशात प्रत्येक अक्षराला ठरलेले नाव असते आणि ‘एच’चे नाव आहे ‘हॉटेल’. खाकी म्हणजे किलो, हॉटेल, अल्फा, किलो, इंडिया. समोरच्याने ऐकून लिहायचे आणि अर्थ सांगायचा. ‘हॉटेल’ गाळले तर संदेश चुकला, पुन्हा पाठवा.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावल्याने हात दुखतो आणि इंग्रजीविषयी राग धरला जातो. त्याऐवजी ‘एच कशाला?’ असे मुलाला विचारू द्या आणि उत्तर त्याच्याबरोबर शोधा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ख आणि क, ध आणि द यांतला फरक जन्मापासून कानात आहे. पहिल्या गटात तो इंग्रज मुलाच्याही पुढे आहे. ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगायला हवी.

सरावासाठी

खालील प्रत्येक अर्थाचा पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधा. दुसरे अक्षर ‘एच’ हवे. शब्दासमोर गटाचा क्रमांक लिहा.

1. गहू
2. हाताचा अंगठा
3. तोफगोळा, शिंपला
4. धान्याचे फोल
5. खडसावणे
6. छायाचित्र
7. फडताळातली फळी
8. तिसरा

उत्तरे : 1. डब्ल्यू-एच-ई-ए-टी. 2. टी-एच-यू-एम-बी. 3. एस-एच-ई-एल-एल. 4. सी-एच-ए-एफ-एफ. 5. सी-एच-आय-डी-ई. 6. पी-एच-ओ-टी-ओ. 7. एस-एच-ई-एल-एफ. 8. टी-एच-आय-आर-डी. सहावा शब्द दुसऱ्या गटातला, बाकी सर्व तिसऱ्या गटातले.